आयर्लंडची आडनावे : उगम आणि विपर्यास

आडनाव ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की, तिलाही इतिहास आहे हे सहसा ध्यानात येत नाही. राजांच्या सनावळ्या आपण पाठ करतो, तहांची कलमे ताडून पाहतो. परंतु सामान्य माणसाच्या घरात जे साधन पिढ्यान् पिढ्या आपोआप जपले जाते, त्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. आयर्लंडच्या बाबतीत हे साधन फार बोलके आहे. त्या देशावर कोण चालून आले, कोण तेथलेच होऊन राहिले, लोक कशापुढे नमले आणि कशापुढे नमले नाहीत, हे सारे तेथील आडनावांत लिहिलेले आहे. मात्र ते वाचायचे तर नावांवर चढलेली इंग्रजीची पुटे आधी खरवडून काढली पाहिजेत. ती कशी चढली, हाच आजचा आपला विषय.

आरंभ 'ओ' आणि 'मॅक' या दोन उपपदांपासून करू. 'मॅक' म्हणजे पुत्र. 'ओ' म्हणजे नातू, आणि व्यापक अर्थाने वंशज. 'मॅक' असला की माणूस स्कॉटलंडचा आणि 'ओ' असला की आयर्लंडचा, ही समजूत सर्वत्र आढळते. पण ती बरोबर नाही. 'मॅक' दोन्ही देशांत आहे. 'ओ' हा इंग्रजी 'ऑफ'चा संक्षेप होय, ही कल्पनाही तशीच भ्रामक. आयरिश लेखनात त्या अक्षराच्या डोक्यावर दीर्घत्वाची रेघ असते; बाजूला लटकणारे चिन्ह ही इंग्रजी लेखनाची देणगी आहे.

आपल्याकडे मधले नाव जसे दर पिढीला बदलते, तशीच ही उपपदे एके काळी दर पिढीला नवे नाव धारण करीत. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांत ती हळूहळू स्थिर झाली, आणि एकाच पूर्वजाचे नाव सारे कूळ चालवू लागले. युरोपात वंशपरंपरागत आडनावे सर्वांत आधी रूढ झाली अशा देशांत आयर्लंडची गणना होते. 916 मध्ये वारलेल्या गॉलवेकडील एका सरदाराची नोंद जुन्या बखरींत 'ओ क्लेरी' या नावाने आहे. ब्रायन बोरू या थोर राजाने आज्ञा काढून आडनावे सुरू केली, अशी एक आख्यायिका सांगतात. परंतु ब्रायन पडला तो 1014 च्या क्लोन्टार्फच्या लढाईत. आडनाव त्याच्या आधीपासून दिसते. तेव्हा आख्यायिका बाजूस ठेवून एवढेच म्हणता येते की, 'ओ'ब्रायन' हे घराणे त्याचे वंशज होय. 'ओ'नील' हे नावही पुराणकथेतल्या नीलावरून आलेले नसून, 919 मध्ये डब्लिनजवळ नॉर्स लोकांशी लढताना पडलेल्या नील ग्लूनडूव या राजावरून आले आहे.

या नावांना अर्थ होता, आणि तो ऐकणाऱ्याला कळत होता. 'मॅक गॉवन' म्हणजे लोहाराचा पुत्र. 'मॅक अन् वार्ड' म्हणजे भाटाचा पुत्र. त्याचा इंग्रजी 'वॉर्ड' झाला आणि भाट कोणाला आठवेनासा झाला. 'मॅक गिल्ला व्रीजे' म्हणजे संत ब्रिजिदच्या सेवकाचा पुत्र. परके आले त्यांनाही या रीतीने पोटात घेतले. 'मॅकऑलिफ' या नावात नॉर्स 'ओलाफ' लपला आहे, तर 'डॉयल' म्हणजे 'काळ्या परक्या'चा वंशज. 1169 पासून नॉर्मन सरदार उतरले. त्यांच्याबरोबर 'पुत्र' याच अर्थाचे 'फिट्झ' हे उपपद आले. आज अगदी आयरिश वाटणारे 'वॉल्श' हे नाव मुळात 'वेल्सचा माणूस' एवढेच सांगते.

एक विशेष येथे नोंदला पाहिजे. आयरिश भाषेत स्त्रीच्या आडनावाचे रूप वेगळे असते. बापाचे नाव 'ओ' असेल तर मुलीचे 'नी', बापाचे 'मॅक' असेल तर मुलीचे 'निक'. विवाहितेचे रूप आणखी निराळे. इंग्रजी दप्तराने ही रूपे मोडून सर्वांना एकच साचा लावला. परिणामी 'ओ'ब्रायन' म्हणवणारी मुलगी व्याकरणाने ब्रायनचा नातू ठरते!

आता विपर्यासाकडे वळू. प्रथम कायदा आला. 1366 च्या किल्केनीच्या कायद्यांनी आयर्लंडातील इंग्रजांना इंग्रजी नावेच वापरण्याचे बंधन घातले; राज्यकर्तेच आयरिश होऊ लागल्याची ती कबुली होती. 1465 मध्ये उलट बाजूने फास आवळला. डब्लिनभोवतालच्या चार परगण्यांत राहणाऱ्या आयरिश माणसाने एखाद्या गावाचे, रंगाचे, धंद्याचे किंवा हुद्द्याचे इंग्रजी आडनाव घ्यावे, असा हुकूम झाला. इंग्रजांची सत्ता त्या काळी त्या चार परगण्यांपलीकडे फारशी चालतच नव्हती, म्हणून हुकूमही तेथेच थबकला.

खरे काम कायद्याने केले नाही. ते पराभवाने केले. 1601 मध्ये किन्सेलची लढाई हरली, 1607 मध्ये उत्तरेचे सरदार देश सोडून गेले, आणि पुढे जमिनी, न्यायालये व दप्तरे इंग्रजीच्या हाती गेली. 'ओ' आणि 'मॅक' ही पराभूतांची खूण ठरली. लोकांनी ती स्वतःच टाकली. ओ'सलिव्हनचे सलिव्हन झाले, ओ'केलीचे केली झाले. उरले ते कारकुनाने पुरे केले. पुण्याचे 'पूना' आणि खडकीचे 'किरकी' करणाऱ्या लेखणीचा अनुभव आपल्यालाही आहे. आयर्लंडात या लेखणीने कधी कानाला आले तसे लिहिले, तर कधी भाषांतर केले, आणि भाषांतर पुष्कळदा चुकले. 'मॅक अन् तीर' म्हणजे सुताराचा पुत्र. त्याचा कोठे 'मॅकअटीर' झाला, कोठे 'कार्पेंटर' झाला; आणि त्यातल्या शब्दाचा 'स्वतंत्र' असाही अर्थ होतो म्हणून कोठे 'फ्रीमन'ही झाला. 'मॅक कॉनरी' या नावाच्या शेवटी राजावाचक शब्दाचा भास होतो, तेवढ्यावर कॉनेमारातील काही कुटुंबे 'किंग' बनली.

अशा रीतीने एक कूळ अनेक नावांत विखुरले आणि अनेक कुळे एका नावात मिसळली. 1890 मधील जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनी 1894 मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात पहिली पाच नावे मर्फी, केली, सलिव्हन, वॉल्श आणि स्मिथ अशी आहेत. पाचवे नाव पाहून आयर्लंडात इंग्रज फार असावेत असा तर्क कोणी केला, तर तो फसेल. कारण यांतले पुष्कळ स्मिथ, विशेषतः कॅव्हन परगण्यातले, मूळचे मॅक गॉवन आहेत.

1893 मध्ये गेलिक लीग स्थापन झाली आणि भाषेबरोबर नावांचाही जीर्णोद्धार सुरू झाला. गळलेले 'ओ' पुन्हा लागू लागले. पण तुटलेला धागा सांधणे सोपे नसते. गॉर्मन घराणे मूळचे 'मॅक'. उपपद परत घेताना त्यांतील पुष्कळांनी 'ओ' लावले, कारण मूळ काय होते याची आठवणच उरली नव्हती. 1957 मध्ये आयरिश कुळांवर प्रमाणभूत ग्रंथ लिहिणारे एडवर्ड मॅकलायसाट यांनीही आपल्या नावातला गळलेला 'मॅक' स्वतःच परत जोडला होता.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हता. 1905 मध्ये डोनेगलमधील नील मॅक गिल्ला व्रीजे या शेतकऱ्यावर खटला झाला. गाडीवर मालकाचे नाव वाचता येईल असे लिहिले पाहिजे, असा नियम होता. त्याने ते आयरिशमध्ये लिहिले होते. त्याला दंड झाला. डब्लिनच्या वरिष्ठ न्यायालयात त्याची बाजू मांडली ती पॅट्रिक पिअर्स यांनी, 1916 च्या उठावानंतर ज्यांना गोळ्या घालण्यात आल्या त्यांनीच. खटला ते हरले. वाचता येण्याजोगे म्हणजे इंग्रजीत, असाच त्या निकालाचा अर्थ झाला.

माणसाने आपल्याच गाडीवर आपलेच नाव आपल्याच भाषेत लिहावे, आणि राज्याने ते वाचता येत नाही म्हणावे! 1937 च्या राज्यघटनेने आयरिश ही पहिली राजभाषा ठरवली आणि तो प्रश्न कायद्यापुरता मिटला. परंतु जगभर पसरलेल्या लाखो आयरिश वंशजांच्या नावांवर जुने शिक्के तसेच आहेत. म्हणून एखादा किंग, फ्रीमन किंवा स्मिथ भेटला तर त्याचे नाव इंग्रजीतून वाचून थांबू नये, असे आम्हांस वाटते. त्या नावाखाली एखादा लोहार वा सुतार आपल्या भाषेत अजून बोलत असण्याचा संभव आहे. तो ऐकणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.