प्रकाशोपचार आणि रक्तवाहिनीजनन

रक्तवाहिनीजनन म्हणजे शरीरात आधीपासून असलेल्या रक्तवाहिनीला फुटवा येऊन तिच्यापासून नवी रक्तवाहिनी तयार होणे. ठरावीक तरंगलांबीचा आणि ठरावीक मात्रेचा प्रकाश ऊतींवर पाडल्यास या क्रियेवर परिणाम होतो, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या संशोधनातून दिसून आले आहे. मंद तांबडा व अवरक्त प्रकाश काही परिस्थितींत नव्या वाहिन्यांच्या वाढीस पोषक ठरतो, तर तीव्र लेसर किरण किंवा प्रकाशसंवेदी औषधाच्या जोडीने दिलेला प्रकाश नको असलेल्या वाहिन्या नष्ट करण्यासाठी वापरला जातो. ‘प्रकाशोपचार’ हा एकच शब्द या दोन्ही विरुद्ध हेतूंसाठी रूढ झाल्यामुळे बराच गोंधळ होतो. नवजात बालकाच्या काविळीवर दिला जाणारा निळा प्रकाश आणि हिवाळ्यातील नैराश्यावर वापरला जाणारा प्रखर पांढरा दिवा हेही प्रकाशोपचारच होत. मात्र त्यांचा रक्तवाहिन्यांच्या वाढीशी संबंध नसल्याने त्यांचा येथे विचार केलेला नाही.

पार्श्वभूमी

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या क्वचितच तयार होतात. जखम भरून येणे, गर्भारपण आणि मासिक पाळीचे चक्र हे त्याला मुख्य अपवाद आहेत. एखाद्या ऊतीला ऑक्सिजन कमी पडू लागला की तेथील पेशी ‘व्हॅस्क्युलर एंडोथेलियल ग्रोथ फॅक्टर’ (व्हीईजीएफ) हे प्रथिन स्रवतात. त्याच्या प्रभावाने जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरातील पेशी विभागू लागतात आणि ऑक्सिजन कमी असलेल्या दिशेने सरकतात. पुढे या पेशींची पोकळ नळी बनते आणि तीतून रक्त वाहू लागते.

ही क्रिया कमी झाली तरी रोग होतो आणि जास्त झाली तरी होतो. मधुमेहात या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णाच्या शरीरात घडताना दिसतात. पायाच्या जखमेला पुरेशा नव्या वाहिन्या मिळत नाहीत म्हणून ती महिनोन्‌महिने चिघळत राहते, आणि त्याच वेळी डोळ्याच्या दृष्टिपटलावर नको असलेल्या नाजूक वाहिन्या फुटून त्यांतून रक्तस्राव होतो. त्यामुळे प्रकाशाने रक्तवाहिन्या वाढतात हे विधान रोग कोणता आणि अवयव कोणता हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते. कर्करोगाची गाठही नव्या वाहिन्यांच्या आधारानेच वाढते, हा विचार अमेरिकन शल्यविशारद जूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला आणि त्यानंतर या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले.

इतिहास

त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशकिरणांनी उपचार केल्याबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आधुनिक प्रकाशोपचाराची सुरुवात सामान्यतः तेथून धरली जाते.

प्रकाशाचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम मात्र काहीसा अपघातानेच लक्षात आला. अमेरिकेतील औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत असताना त्यांना असे आढळले की प्रकाश पडला की आकुंचित पट्ट्या शिथिल होतात. हे निरीक्षण १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. वाहिन्या शिथिल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात संदेशवाहकाचे काम करतो हे पुढे सिद्ध झाले आणि त्या कार्याबद्दल फर्चगॉट यांना लुई इग्नॅरो व फेरिद मुराद यांच्यासह १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लेसरच्या शोधानंतर हंगेरीतील एन्द्रे मेस्टर यांनी बुडापेस्ट येथे उंदरांवर माणिक-लेसरचे प्रयोग केले.  त्यांच्या उपकरणाची शक्ती कमी होती. इजा तर झाली नाहीच, उलट केस काढलेल्या जागी ते अधिक वेगाने उगवले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षानंतर मेस्टर यांनी न भरणाऱ्या जखमांवर हाच प्रकाश वापरून पाहिला. या पद्धतीला आधी ‘अल्पशक्ती लेसर उपचार’ म्हणत. आता लेसरऐवजी साधे एलईडी दिवेही वापरले जात असल्याने ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ हे नाव रूढ झाले आहे.

कार्यपद्धती

फोटोबायोमॉड्युलेशनमध्ये सर्वसाधारणपणे ६०० ते १,१०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात. या पट्ट्यातील प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन आणि ऊतींतील पाणी यांत तुलनेने कमी शोषला जातो, म्हणून तो त्वचेखाली काही मिलिमीटर खोल पोहोचतो. त्याने ऊती भाजत नाहीत.

पेशींच्या तंतुकणिकांमधील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर हा प्रकाश शोषून घेते, असे सर्वाधिक प्रचलित स्पष्टीकरण आहे. रशियन संशोधक तीना कारू यांच्या कार्यातून ते पुढे आले. या विकराला चिकटलेला नायट्रिक ऑक्साइड प्रकाशामुळे सुटतो, पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते आणि पेशीतील संदेशवहनात बदल होऊन व्हीईजीएफसारखी वाढ-घटक प्रथिने अधिक प्रमाणात तयार होतात, अशी ही साखळी मांडली जाते. तिचे काही दुवे प्रयोगशाळेत दिसले असले तरी संपूर्ण साखळीबाबत मतैक्य नाही.

मात्रेचा प्रश्न येथे कळीचा आहे. बहुतेक प्रयोगांत प्रति चौरस सेंटीमीटर काही ज्यूल एवढी ऊर्जा दिली जाते. त्याहून फार कमी प्रकाशाने परिणाम दिसत नाही, आणि फार जास्त दिल्यास उत्तेजनाऐवजी अवरोध होतो. शिवाय तरंगलांबी, कालावधी, दिव्याचे त्वचेपासूनचे अंतर आणि उपचारांची वारंवारता प्रत्येक अभ्यासात वेगळी असते, त्यामुळे एका अभ्यासाचा निष्कर्ष दुसऱ्याशी ताडून पाहणे कठीण जाते.

जखमांवरील उपयोग

उंदरांच्या जखमांवर आणि रक्तपुरवठा तोडलेल्या स्नायूंवर प्रकाश दिल्यानंतर केशवाहिन्यांची संख्या वाढल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. माणसांबाबतचा पुरावा बराच विरळ आहे. मधुमेही पायाच्या जखमा प्रकाशाने लवकर आकसतात, असे काही छोट्या चाचण्यांनी दाखविले आहे. परंतु त्यांत मोजली गेली ती जखमेची लांबीरुंदी. नव्या वाहिन्या प्रत्यक्ष मोजल्याची उदाहरणे थोडी आहेत. अशा जखमेत पायावरील दाब कमी करणे, संसर्ग आटोक्यात आणणे, रक्तशर्करा नियंत्रित ठेवणे आणि गरज पडल्यास बंद झालेली धमनी मोकळी करणे हेच मुख्य उपचार आहेत. मोठी धमनीच बंद असेल तर केशवाहिन्यांना कितीही फुटवा आला तरी त्यांत रक्त येणार कोठून, हा साधा प्रश्न घरगुती दिव्यांच्या जाहिरातींत सहसा विचारला जात नाही.

डोळा

प्रकाश आणि रक्तवाहिनीजनन यांच्या संबंधाचा सर्वांत भक्कम वैद्यकीय पुरावा नेत्ररोगशास्त्रात आहे, आणि तो वाहिन्या वाढविण्याचा नसून रोखण्याचा आहे. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे पाहून दृष्टिपटल भाजलेल्या रुग्णावरून जर्मन नेत्रविशारद गेर्ड मायर-श्विकेराथ यांना प्रकाशाने दृष्टिपटल ‘डागण्याची’ कल्पना सुचली. त्यांनी प्रथम सूर्यप्रकाश आणि नंतर झेनॉन दिवा वापरला. पुढे त्याची जागा लेसरने घेतली.

मधुमेही दृष्टिपटलविकारात दृष्टिपटलाच्या कडेच्या भागावर सामान्यतः हजाराहून अधिक सूक्ष्म डाग दिले जातात. अमेरिकेत १९७० च्या दशकात झालेल्या मोठ्या चाचणीत या उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. लेसर येथे नव्या वाहिन्यांवर थेट मारा करीत नाही. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी फार मोठ्या प्रमाणावर ऑक्सिजन वापरतात. त्यांतील काही नष्ट केल्याने उरलेल्या भागाला ऑक्सिजन पुरतो, व्हीईजीएफचा स्राव घटतो आणि नव्या वाहिन्या सुकतात. लेसरनंतर डोळ्यातील व्हीईजीएफचे प्रमाण उतरते, हे १९९४ मध्ये दाखविले गेले. रात्रीची दृष्टी आणि कडेची दृष्टी काही अंशी मंदावणे ही या उपचाराची किंमत आहे.

वार्धक्यातील पीतबिंदूऱ्हासाच्या ‘ओल्या’ प्रकारात व्हर्टेपोर्फिन हे औषध शिरेतून देऊन ६८९ नॅनोमीटरचा लेसर ८३ सेकंद पाडण्याची पद्धत २००० साली अमेरिकेत मान्य झाली. प्रकाशामुळे औषध क्रियाशील होऊन रोगट वाहिन्या आतून बंद पडतात. व्हीईजीएफविरोधी इंजेक्शने आल्यावर तिचा वापर घटला असला तरी डोळ्याच्या काही अन्य विकारांत ती आजही उपयोगी पडते.

अकाली जन्मलेल्या बालकांच्या दृष्टिपटलावरील वाहिन्या अपुऱ्या वाढलेल्या असतात आणि पुढे त्या विकृत रीतीने वाढू शकतात. अतिदक्षता कक्षातील उजेड हे त्याचे कारण असावे, असा जुना संशय होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत सुमारे ४०० बालकांपैकी काहींच्या डोळ्यांवर प्रकाश अडविणारे चष्मे बसविण्यात आले, पण दोन्ही गटांतील विकाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. दुसरीकडे, उंदरांच्या गर्भापर्यंत पोहोचणारा प्रकाश मेलॅनॉप्सिन या प्रथिनाद्वारे डोळ्यातील वाहिन्यांच्या विकासावर नियंत्रण ठेवतो, असे २०१३ मध्ये आढळले. उंदरातील हा निष्कर्ष मानवी बालकांना लागू करण्यास अद्याप आधार नाही.

त्वचा

जन्मतः असणाऱ्या द्राक्षवर्णी डागांत त्वचेतील केशवाहिन्या रुंदावलेल्या असतात. हिमोग्लोबिन शोषू शकेल अशा ५८५ ते ५९५ नॅनोमीटरच्या लेसर स्पंदांनी त्या भाजून बंद केल्या जातात. मात्र जखम भरताना शरीर पुन्हा वाहिन्या तयार करीत असल्याने डाग काही अंशी परत येऊ शकतो.

कर्करोग आणि सुरक्षितता

रक्तवाहिन्यांची वाढ गाठीलाही पोषक असल्याने ज्ञात कर्करोगाच्या जागी फोटोबायोमॉड्युलेशन देऊ नये, असा संकेत आहे. तथापि, डोके व मान यांच्या कर्करोगावरील किरणोपचारांमुळे तोंडात होणाऱ्या वेदनादायक व्रणांना प्रतिबंध करण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी याच पद्धतीची शिफारस केली आहे. तंबाखूमुळे मुखकर्करोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारताच्या दृष्टीने हा उपयोग विशेष महत्त्वाचा आहे, कारण व्रणांमुळे अन्न गिळता न आल्यास किरणोपचारच मध्ये थांबवावे लागतात. या रुग्णांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे आतापर्यंतच्या पाहणीत दिसलेले नाही, परंतु गाठीच्या जागी थेट प्रकाश टाळला जातो.

उपचारादरम्यान रुग्ण आणि उपचारक या दोघांनीही डोळ्यांवर योग्य तरंगलांबीचे संरक्षक चष्मे घालणे आवश्यक असते. त्वचा प्रकाशसंवेदी करणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे उपचार घेऊ नयेत. पीतबिंदूऱ्हासाच्या ‘कोरड्या’ प्रकारासाठी पिवळा, तांबडा व अवरक्त प्रकाश देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये परवानगी दिली. अशा रुग्णांत पीतबिंदूखाली नव्या वाहिन्या फुटून रोग ‘ओल्या’ प्रकारात बदलत नाही ना, हे नियमित नेत्रतपासणीने पाहावे लागते.