महूचे किशनलालदादा

इंदूरचे नाव निघाले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे प्रथम देवी अहिल्याबाईंची मूर्ती उभी राहते. काशी, सोमनाथ, गया ह्या क्षेत्रांतील त्यांच्या देवालयकार्याची कथा घरोघर सांगितली जाते, आणि ती सांगणे योग्यच आहे. त्यानंतर ज्यांना खेळाची गोडी आहे त्यांना होळकरांचा क्रिकेट-संघ आठवतो. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली आणि चार वेळा जिंकलेली रणजी स्पर्धा, हे सारे त्यांच्या मनात उभे राहते. परंतु इंदूरच्या दक्षिणेस अवघ्या तेवीस किलोमीटरांवर असलेल्या महूने हॉकीच्या इतिहासात जे स्थान मिळविले, त्याचा उल्लेख मराठी लेखनात क्वचितच आढळतो. त्या स्थानाचे मानकरी किशनलाल. त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाविषयी, म्हणजे त्यांच्या गुरुपणाविषयी, चार शब्द लिहावे असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

महू हे गाव मुळात छावणीचे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेचा मोड झाला आणि पुढील जानेवारीत मंदसोरचा तह झाला. त्या तहानंतर इंग्रजांनी होळकरी मुलखात जे ठाणे दिले ते महूचे. पराभवातून जन्मलेल्या ह्या गावाने पुढे देशाला काय दिले हे पाहिले म्हणजे इतिहासाच्या चालीचे नवल वाटते. १४ एप्रिल १८९१ रोजी ह्याच छावणीत सुभेदार रामजी सकपाळ ह्यांच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. रामजी हे पलटणीच्या शाळेत शिक्षक होते, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो. छावणी म्हटली की आपल्याला बंदूक आठवते. पण छावणीत शाळाही असे आणि मैदानही असे. गोऱ्या पलटणींनी आणलेला हॉकीचा खेळ त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या पोरांनी पाहून पाहून उचलला. त्यासाठी फारसा खर्च लागत नसे. झाडाची वाकडी फांदी आणि चिंध्यांचा चेंडू एवढ्यावर काम भागे.

शिवाय महू एकटे नव्हते. ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, टीकमगड हा सारा टापू त्या काळी हॉकीने भारलेला होता. भारतीय हॉकी महासंघाची स्थापना १९२५ साली झाली ती मुंबईत किंवा कलकत्त्यात नव्हे, ग्वाल्हेरीस झाली. ध्यानचंद झाशीचे, त्यांचे बंधू रूपसिंग ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या फौजेतले. संस्थानिकांचा आश्रय संगीताला जसा लाभला तसा तो ह्या खेळालाही लाभला. संगीताच्या आश्रयाची आठवण आपण ठेवली. हॉकीची मात्र आपल्याला तितकी राहिली नाही.

अशा प्रदेशात २ फेब्रुवारी १९१७ रोजी किशनलालांचा जन्म झाला. लहानपणी त्यांना ओढ होती ती पोलोची. छावणीतल्या मुलाचे मन घोड्यावर बसले तर त्यात आश्चर्य नाही. हॉकीची स्टिक त्यांनी चौदाव्या वर्षी हाती धरली आणि दोनच वर्षांत ते ‘महू हीरोज’ ह्या संघातून खेळू लागले. पुढे १९३७ साली टीकमगडच्या भगवंत क्लबने त्यांना बोलाविले, आणि १९४१ साली ते बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेत, नोकरीस लागले. त्यांची जागा उजव्या कडेची. मैदानाच्या पांढऱ्या रेषेला जवळजवळ चिकटून धावायचे, चेंडू स्टिकेच्या टोकाशी जणू दोऱ्याने बांधल्यासारखा ठेवायचा, आणि प्रतिपक्षाचा रक्षक अंगावर आला की त्याच क्षणी तो मध्यावर उभ्या असलेल्या सोबत्याकडे द्यायचा, असे त्या जागेचे काम. त्या जागेवरचा खेळाडू स्वतः गोल थोडे करतो, दुसऱ्यांकडून पुष्कळ करवितो. गुरुपणाची अर्धी तालीम ह्या जागेतच झाली असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

१९४७ साली ध्यानचंदांच्या नेतृत्वाखाली पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या संघाचे ते उपकर्णधार होते, आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या ऑलिंपिकसाठी कर्णधारपद त्यांच्याकडे आले. ते पद सुखाचे नव्हते. देशाची फाळणी नुकतीच झालेली. पंजाबची हॉकी दोन तुकड्यांत वाटली गेलेली. कालचे सोबती आज पाकिस्तानच्या संघात. निवडलेल्या वीस जणांत नाना प्रांतांचे, नाना धर्मांचे लोक होते. त्यांत आमच्या कोंकणी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी अशी काही नावे आहेत: वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, लिओ पिंटो, मॅक्सी वाझ. हे गोमंतकीय वंशाचे आणि मुंबईच्या हॉकीत वाढलेले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती होता, तो पुढे तेरा वर्षांनी मुक्त झाला; पण गोमंतकाचे पुत्र १९४८ सालीच भारताच्या ध्वजाखाली उभे राहिले होते. त्यांचा धर्म आमच्याहून वेगळा असेल. ‘आमगेले’ म्हणावयास त्याची आडकाठी येऊ नये.

ऑस्ट्रियावर आठ, अर्जेंटिनावर नऊ गोल झाले. स्पेनशी व उपांत्य सामन्यात हॉलंडशी मात्र झगडावे लागले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेंब्लीच्या मैदानावर अंतिम सामना ग्रेट ब्रिटनशी झाला. स्वातंत्र्याला एक वर्ष पुरे होण्यास तीन दिवस उरले होते. पावसाने मैदान चिखलाळले होते आणि बुटांखाली पाय ठरेना, तेव्हा किशनलाल आणि के. डी. सिंग बाबू ह्यांनी बूट काढून अनवाणी खेळ केला, अशी आठवण सांगितली जाते. भारताने चार गोल केले: दोन बलबीरसिंगांचे, एक पॅट जॅन्सनचा, एक त्रिलोचनसिंगांचा. ब्रिटनचा एकही नाही. कर्णधाराचे नाव गोलांच्या यादीत नाही. उजव्या कडेच्या खेळाडूचे असेच असते. (त्या संघातील अख्तर हुसेन व लतीफ-उर-रहमान हे दोघे आठ वर्षांनी पाकिस्तानच्या बाजूने ऑलिंपिक खेळले. फाळणीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी असल्या गोष्टीही टिपून ठेवाव्यात.)

किशनलालांची कथा बहुतेक ठिकाणी येथेच संपते. सुवर्णपदक, मिरवणुका, पुढे १९६६ साली पद्मश्री, आणि मग एक वाक्य, ‘नंतर त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले.’ तीस वर्षांचे आयुष्य ह्या एका वाक्यात गुंडाळून ठेवलेले! आमची तक्रार ह्या वाक्याविषयी आहे.

त्या काळी प्रशिक्षक ही वस्तू काय होती ते आजच्या वाचकाला सहज उमगणार नाही. प्रशिक्षकांना शिकविणारी पतियाळाची राष्ट्रीय संस्था १९६१ साली निघाली. प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली. तोवर शिकविणारे होते ते स्वतःच्या पायांनी आणि मनगटांनी शिकलेले जुने खेळाडू, नाहीतर महाविद्यालयातले एखादे झपाटलेले गृहस्थ. अशांतले हरबेलसिंग हे नाव सर्वांत मोठे. अमृतसरच्या खालसा कॉलेजात ते हॉकी शिकवीत. लाहोरच्या शीख नॅशनल कॉलेजातला एक मुलगा त्यांनी आग्रहाने आपल्याकडे आणला, तो बलबीरसिंग. आणि हेलसिंकी व मेलबर्न येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांचे प्रशिक्षक हेच हरबेलसिंग होते. त्यांना महाविद्यालय होते. वर्षावर्षाला नवी मुले येत, जुनी जात, आणि मैदान तेच राही. ज्याला असे स्थिर आसन मिळते त्याचे शिष्य मोजता येतात.

किशनलालांना असे आसन लाभले नाही. त्यांचे गुरुकुल म्हणजे रेल्वे. बंगालचा फिरकी, पंजाबचा दांडगा, मद्रासचा चपळ, असे नाना तऱ्हांचे तरुण नोकरीच्या निमित्ताने तेथे एकत्र येत आणि ह्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाताखाली खेळत. सारे त्यांना ‘दादा’ म्हणत. मराठीत हा शब्द थोरल्या भावाचा. हल्ली शहरांतून त्याला दुसरा अर्थ चिकटला आहे. आम्ही येथे पहिलाच अर्थ घेतो. १९५७ पासून पुढील काही वर्षे राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या संघाने जो दरारा बसविला, त्यामागे ही थोरल्या भावाची सत्ता होती असे आमचे मत आहे.

पुढे ते परदेशीही शिकवावयास गेले. पूर्व जर्मनीच्या व मलेशियाच्या खेळाडूंना त्यांनी धडे दिले. ह्यातील मलेशियाची गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मलेशियाने भारताला पराभवाच्या अगदी उंबरठ्यावर नेले होते. दोन विरुद्ध एक अशी मलेशियाची आघाडी, आणि वेळ संपत आलेली. तेव्हा राखीव खेळाडूंतून आलेल्या अस्लम शेरखानने गोल करून बरोबरी साधली. भारताने जादा वेळात सामना व पुढे चषक जिंकला. अस्लम हा भोपाळचा, बर्लिनच्या सुवर्णपदकी संघातील अहमद शेरखानांचा पुत्र. म्हणजे मध्य भारतातील एका गुरूने जेथे विद्या नेऊन दिली, त्यांच्याच हातून मध्य भारतातील दुसऱ्या घराण्याच्या मुलाने विजय हिसकावून आणला. मलेशियाच्या त्या उंचीत दादांचा वाटा किती होता, हे कोणत्या आकड्याने मोजावे? गोलांची वही असते, शिकवणीची नसते.

त्यांच्या उतारवयात आणखी एक संकट आले. ज्या विद्येवर त्यांचे आयुष्य गेले ती विद्याच बदलू लागली. सीमारेषेवरून चेंडू हाताने घरंगळत आत टाकण्याचा जुना प्रकार १९७० च्या सुमारास गेला. ऑफसाइडचा नियम सैल झाला. आणि १९७६ साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये गवताऐवजी प्रथमच कृत्रिम मैदान अंथरले गेले. गवतावर चेंडू जरा उसळतो, जरा थांबतो. त्या थांबण्यातच आपल्या खेळाडूंचे मनगट बोलत असे. नव्या मैदानावर चेंडू थांबेना. तेथे दम हवा, धाव हवी. भारत त्या वर्षी सातव्या क्रमांकावर गेला. वेंब्लीच्या चिखलात बूट काढून वाट काढता आली. ह्या हिरव्या चटईवर तशी युक्ती चालणार नव्हती. साठीच्या घरातल्या गुरूने हे पाहताना काय अनुभवले असेल ह्याची कल्पना ज्याने वेदपाठ, कीर्तन किंवा पखवाज अशी एखादी विद्या आयुष्यभर शिकविली आहे, त्याला सांगावी लागणार नाही.

महूच्या मातीत मात्र खंड पडला नव्हता. शंकर लक्ष्मण हे गोलरक्षक महूचेच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे हे जवान १९५६, १९६० व १९६४ अशी तीन ऑलिंपिके खेळले. टोकियोच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचे सारे हल्ले त्यांनी परतविले, आणि १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ते सुवर्णपदकी संघाचे कर्णधार होते. एका लहान छावणीतून भारताचे दोन कर्णधार! २००६ साली महू येथेच ते वारले. पायाच्या गँगरीनने आणि हलाखीने त्यांचा शेवट कष्टाचा झाला.

किशनलालदादांचा शेवट जून १९८० मध्ये मद्रास येथे झाला. घरापासून दूर, हॉकीच्याच एका स्पर्धेच्या निमित्ताने ते तेथे गेले होते. वयाची त्रेसष्ट वर्षे झाली होती. त्यानंतर पाच आठवड्यांनी, २९ जुलै रोजी, मॉस्कोच्या कृत्रिम मैदानावर भारताने स्पेनला चार विरुद्ध तीन गोलांनी हरवून सोळा वर्षांनी ऑलिंपिकचे सुवर्णपदक परत आणले. त्या संघाचे प्रशिक्षक बालकिशनसिंग हे पतियाळाच्या संस्थेचे, नव्या पिढीचे गुरू; कर्णधार भास्करन् हे मद्रासचे; आणि त्या संघात मुंबईचा एक फर्नांडिस होता, मर्विन नावाचा.