जीवनकथा लिहविणारे शिक्षक

१९३९ च्या सप्टेंबर महिन्याची पहिली तारीख. व्हिल्ना शहरीं (तें त्या वेळीं पोलंडांत होतें, आज व्हिल्नियस या नांवानें लिथुएनियाची राजधानी आहे) यहुदी तरुणांनीं लिहिलेल्या आत्मचरित्रांच्या स्पर्धेचा निकाल त्या दिवशीं जाहीर व्हावयाचा होता. परीक्षकांपुढें २८९ वह्या होत्या. लिहिणारीं मुलेंमुली सोळा ते बावीस वर्षांचीं, बहुतेक लहान गांवचीं, पैशानें ओढग्रस्त. त्याच पहांटे जर्मन सैन्य पोलंडांत घुसलें. निकाल राहिला तो राहिलाच.

सामान्य माणसाचें आत्मचरित्र हें विद्येचें साधन होऊं शकतें, ही कल्पना पोलंडांत त्यापूर्वींच रुजली होती. शिकागोचे विल्यम टॉमस आणि पोलंडचे फ्लोरियन झ्नान्येत्स्की या दोघां समाजशास्त्रज्ञांनीं १९१८ ते १९२० या काळांत पोलिश शेतकऱ्यावरील आपला पांच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत अमेरिकेंत गेलेल्या एका पोलिश तरुणानें स्वतः लिहिलेल्या चरित्राला फार मोठी जागा दिलेली आहे. झ्नान्येत्स्की मायदेशीं परतले आणि १९२१ सालीं पोझ्नान येथें त्यांनीं कामगारांच्या आत्मचरित्रांची स्पर्धा भरविली. पुढें वॉर्सा येथील सामाजिक अर्थशास्त्र संस्थेनें लुडविक क्शिव्हित्स्की यांच्या नेतृत्वाखालीं बेकारांकडून ७७४ आणि शेतकऱ्यांकडून ४९८ आत्मकथा मिळविल्या. १९३८ सालीं युझेफ खवासिन्स्की यांनीं तरुण शेतकऱ्यांच्या १,५४४ कथांच्या आधारें चार खंड सिद्ध केले. ज्यांच्या हातीं नांगर किंवा हातोडा, त्यांनीं रात्रीं दिव्याशीं बसून हीं पानें लिहिलीं. असें पीक त्या काळीं दुसऱ्या कोणत्या देशांत इतकें आलें असेल असें वाटत नाहीं.

व्हिल्नाच्या मंडळींनीं हा धडा पोलिश विद्वानांकडून उचलला. पण त्यांची परिस्थिति अगदींच वेगळी. त्यांच्या पाठीशीं राज्य नव्हतें, विद्यापीठ नव्हतें, खजिना तर नव्हताच. १९२५ सालीं स्थापन झालेली त्यांची 'यीवो' ही संशोधनसंस्था यिडिश भाषेंत काम करी, आणि यिडिश म्हणजे बाजारची बोली, तींत विद्या कसली, असें म्हणणारे त्यांच्या स्वतःच्याच समाजांत पुष्कळ होते. संस्थेचें खरें भांडवल म्हणजे गांवोगांवचे संग्राहक. म्हणी, गाणीं, जुनीं पत्रें, कबरींवरील लेख, जें सांपडेल तें उतरवून हे लोक व्हिल्नाला पाठवीत. त्यांना वेतन मिळत नसे. मिळे तें छापील प्रश्नपत्रक आणि आभाराचें पत्र. काय पाहावें, काय विचारावें, कसें टिपावें हें या पत्रांतून शिकविलें जाई. पोस्टानें चालणारी ती एक पाठशाळाच होती.

या पाठशाळेचे मुख्य गुरुजी माक्स वाइनराइख. जन्म १८९४ सालचा, लाटव्हियांतील एका लहान गांवचा. घरांत जर्मन भाषा चाले. यिडिश त्यांनीं आपखुषीनें जवळ केली. १९२३ सालीं मारबुर्ग येथें डॉक्टरची पदवी घेऊन ते व्हिल्नाला आले आणि यिडिश शिक्षकांच्या अध्यापनमंदिरांत शिकवूं लागले. १९२७ सालीं त्यांनीं मुलांचें एक बालवीर पथक काढलें. त्याचें नांव 'मधमाशी'. तरुणांशीं त्यांचा संबंध असा रोजचा होता. १९३१ सालीं व्हिल्नांत यहुद्यांविरुद्ध दंगे झाले त्यांत त्यांच्या डोळ्याला दगड लागला आणि एका डोळ्याची दृष्टि कायमची अधू झाली. दुसरा एखादा मनुष्य यानंतर ग्रंथांत डोकें खुपसून बसला असता. वाइनराइख यांना प्रश्न पडला तो असा: अशा देशांत, अशा दिवसांत, सतरा वर्षांचा मुलगा जगाकडे कोणत्या नजरेनें पाहतो? पहिली स्पर्धा १९३२ सालीं झाली. अवघ्या ३४ वह्या आल्या. त्याच वर्षीं ते अमेरिकेंत येल विद्यापीठांत एडवर्ड सपीर यांच्याजवळ व्यक्तित्व आणि संस्कृति यांच्या संबंधाचा अभ्यास करण्यास गेले. तेथून दक्षिणेकडील संस्थानांत जाऊन नीग्रो तरुणांची स्थिति त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली, नंतर व्हिएन्नांत मानसशास्त्रज्ञांशीं विचारविनिमय केला. परतल्यावर १९३४ सालीं दुसरी स्पर्धा झाली. या वेळीं ३०४ वह्या आल्या.

चौतिसांवरून तीनशेंवर जाण्याचीं कारणें अनेक असतील. त्यांतील एक संस्थेच्या सूचनापत्रकांत सांपडतें. लहान वहीचीं निदान पंचवीस पानें लिहावीं, असा नियम होता. घर कसें होतें, आईबापांशीं कसें पटलें, शाळा, मित्र, तरुणांची संघटना, पहिलें प्रेम, पोटाचा उद्योग, यांपैकीं कशाकशाविषयीं लिहितां येईल हें दाखवून दिलें होतें. माझ्या आयुष्यांत सांगण्याजोगें घडलें काय, अशी शंका धरूं नये. क्षुल्लक वाटणारी गोष्टही टाकूं नये. भाषा सजवूं नये. आणि नांव द्यावयाचें नसेल तर टोपणनांव घ्यावें. आत्मचरित्र म्हणजे पराक्रमी पुरुषांचा प्रांत, ही समजूत ज्या मुलांच्या मनांत घट्ट बसलेली, त्यांना या चार वाक्यांनीं लेखणी उचलण्याचा अधिकार दिला. भाषेचीही सक्ति नव्हती. बहुतेकांनीं यिडिशमध्यें लिहिलें, कांहींनीं पोलिशमध्यें, थोड्यांनीं हिब्रूंत. यिडिशचा कैवार घेणाऱ्या संस्थेनें पोलिश वह्या तितक्याच मानानें स्वीकारल्या ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे.

या वह्यांतून काय आलें? 'एस्तेर' हें नांव घेणारी एक मुलगी हसिदी पंथाच्या कडक घरांतली. धर्मनिष्ठ मुलींसाठीं असलेल्या शाळेंत ती शिकली, तिच्याच वळणाची पुढें शिक्षिका झाली, आणि मन मात्र पोलिश वाङ्मयांत गुंतलेलें. बापाचा धाक आणि पुस्तकांची ओढ यांच्या मध्यें सांपडलेल्या या मुलीनें जें घरांत कोणापाशीं बोलतां आलें नसतें तें व्हिल्नाच्या अनोळखी पंडितांना लिहून कळविलें. दुसऱ्या कोणी 'मला विसरूं नको' या फुलाचें नांव घेतलें. दारिद्र्य, शिकण्याची तळमळ, परदेशीं जाण्याचीं बंद झालेलीं दारें, आईबापांविषयींची दया आणि चीड एकाच ओळींत, असा या कथांचा सूर आहे.

अर्थात् या पद्धतीला तिचा दोषही होता, आणि तो झांकण्यांत अर्थ नाहीं. गुरूनें प्रश्न घालून दिले कीं शिष्य त्याच प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागतो. संघटनेविषयीं विचारलें म्हणून संघटनेविषयीं पानें भरतात. बक्षिसाकडे डोळा ठेवून दुःख थोडें गडद रंगविलें जातें. तरीही १९३५ सालीं वाइनराइख यांनीं या वह्यांच्या आधारें तरुणांविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं संस्थेनें तरुण संशोधक तयार करण्याचा वर्ग सुरू केला. शिक्षकांनीं शिक्षक घडवावे, त्यांनीं गांवांत जाऊन आणखी लिहिणारे शोधावे, अशी ही साखळी. १९३८ सालीं न्यूयॉर्कहून या वर्गांत आलेली ल्युसी शिल्डक्रेट पुढें ल्युसी डाविडोविच या नांवानें इतिहासकार म्हणून प्रसिद्ध झाली. व्हिल्नांतील त्या शेवटल्या वर्षाच्या आठवणी तिनें १९८९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या.

युद्धानें ही साखळी तुटावयास हवी होती. ती वॉर्सांत पुढें चालू राहिली, आणि तेथें तिचें स्वरूप पालटलें.

इमानुएल रिंगेलब्लूम हे वॉर्सांतील मुलींच्या शाळेंत इतिहास शिकवीत. यीवोच्या इतिहासशाखेशीं त्यांचा जुना संबंध. हौशी मंडळींना इतिहास लिहावयास शिकविणें हा त्यांचा पिंडच होता. १९४० च्या नोव्हेंबरांत जर्मनांनीं चार लाखांवर यहुद्यांना वॉर्सांतील एका कोंडवाड्यांत भिंती घालून डांबलें, आणि त्याच महिन्यांत रिंगेलब्लूम यांनीं कांहीं सोबत्यांची गुप्त बैठक बोलाविली. बैठका शनिवारीं होत म्हणून मंडळाचें नांव 'ओनेग शब्बात', म्हणजे शब्बाथाचा आनंद, असें पडलें. मंडळांत धर्मगुरु होते, लेखक होते, अर्थशास्त्री होते. पण शाळामास्तरांचा भरणा विशेष. आब्राहाम लेविन हे रिंगेलब्लूम यांच्याच शाळेंतील शिक्षक. एलियाहू गुट्कोव्स्की हेही शिक्षक. इस्राएल लिख्टेनस्टाइन एका यिडिश शाळेचे मास्तर. या लोकांनीं विषयांचे आराखडे आंखले: स्त्रियांची स्थिति, निर्वासितांच्या छावण्या, चोरटा व्यापार, मुलें, रस्त्यावरील विनोदसुद्धां. कोणी काय लिहावें हें ठरे. एका घटनेवर दोघांतिघांकडून लिहवून घेतलें जाई, म्हणजे एकाची चूक दुसऱ्यावरून कळावी. ज्यांना लिहितां येत नसे त्यांच्याजवळ बसून त्यांची हकीकत उतरून घेतली जाई. युद्धामुळें तुमच्यांत काय पालटलें, असें शाळेंतील मुलांनाही विचारण्यांत आलें. पावाचा तुकडा मिळण्याची भ्रांत, अशा वेळीं नकलनविसाच्या काटेकोरपणानें कागदांच्या प्रती केल्या जात.

रेचेल आउएरबाख यांची गोष्ट येथें सांगितली पाहिजे. त्या लेखिका, वॉर्सा सोडून जाण्याचा विचार त्यांनीं केला होता. रिंगेलब्लूम यांनीं त्यांना थांबविलें आणि एक अन्नछत्र चालविण्यास सांगितलें. पुढें त्या अन्नछत्राविषयींच लिहा, असा आग्रह धरला. कोणत्या रसाचें पाणी कोणाच्या वाटीला गेलें, कोण किती दिवस येत राहिला आणि कधीं यावयाचा थांबला, असें तें लिखाण आहे. सूपवाटपानें कोणाचा जीव वांचत नाहीं, ही कडू गोष्ट त्यांनीं त्यांत लपविलेली नाहीं.

२२ जुलै १९४२ रोजीं कोंडवाड्यांतून माणसें ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे रवाना होऊं लागलीं. सुमारें दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक गेलीं. लेविन यांची पत्नी १२ ऑगस्टला नेली गेली. त्यांनीं रोजनिशी लिहिणें सोडलें नाहीं. ऑगस्टच्या आरंभीं लिख्टेनस्टाइन यांनीं आपल्या दोन विद्यार्थ्यांना, दावीद ग्राबर आणि नाहुम ग्झिवाच यांना, बरोबर घेऊन नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरांत पत्र्याच्या दहा पेट्या पुरल्या. लिख्टेनस्टाइन यांच्या पत्नी गेला सेक्स्टाइन या चित्रकार. त्यांचीं चित्रेंही त्यांतच ठेविलीं गेलीं. पेट्या बंद करण्यापूर्वीं तिघांनीं आपापलें मृत्युपत्रवजा टिपण लिहून आंत टाकलें. ग्राबर एकोणीस वर्षांचा होता. यीवोच्या स्पर्धेंत बसण्यास तो वयानें अगदीं योग्य ठरला असता. १९४३ च्या फेब्रुवारींत आणखी कागद दुधाच्या दोन मोठ्या किटल्यांत भरून तेथेंच पुरण्यांत आले. रिंगेलब्लूम १९४४ च्या मार्चमध्यें पत्नी आणि मुलासह तळघरांतील लपण्याच्या जागेंत पकडले गेले आणि गोळ्या घालून मारले गेले. मंडळांतील पन्नाससाठ माणसांपैकीं वांचलीं तीन: आउएरबाख, हेर्श वासेर आणि ब्लुमा वासेर.

व्हिल्नाच्या वह्यांचें दैव निराळें. शहर जर्मनांच्या हातीं गेल्यावर यीवोच्या ग्रंथसंग्रहाची निवड करण्यासाठीं कोंडवाड्यांतील विद्वानांनाच जुंपण्यांत आलें. कांहीं भाग फ्रांकफुर्टला न्यावयाचा, उरलेला कागदाच्या गिरणींत घालावयाचा. आब्राहाम सुत्झकेव्हर व श्मेर्के कचेरगिन्स्की हे कवि आणि त्यांचे सोबती दररोज सायंकाळीं अंगावरील कपड्यांखालीं कागद दडवून कोंडवाड्यांत आणीत. फ्रांकफुर्टकडे गेलेला माल अमेरिकन सैन्याच्या हातीं लागला व १९४७ सालीं न्यूयॉर्कला पोंचला. युद्धाच्या आरंभीं परदेशांत असलेले वाइनराइख १९४० सालीं तेथेंच स्थायिक झाले होते. त्यांनीं तेथें स्वस्थ न बसतां १९४२ सालीं अमेरिकेंत येऊन स्थायिक झालेल्या यहुद्यांसाठीं पुन्हां आत्मचरित्रांची स्पर्धा काढली. दोनशेंवर लोकांनीं लिहिलें. तिन्ही स्पर्धा मिळून आलेल्या ६२७ वह्यांपैकीं तीनशेंहून अधिक आज न्यूयॉर्कच्या दप्तरांत आहेत.

आउएरबाख यांनीं वॉर्साच्या भग्नावशेषांत पेट्यांचा शोध घ्यावा म्हणून सर्वांच्या मागें लकडा लावला. जागा वासेर यांना ठाऊक होती. १८ सप्टेंबर १९४६ रोजीं दहाही पेट्या निघाल्या, आंतील पुष्कळ कागद पाण्यानें भिजलेले. किटल्या १ डिसेंबर १९५० रोजीं बांधकामाच्या खोदाईंत अकस्मात् सांपडल्या. तोंवर आउएरबाख इस्राएलला गेल्या होत्या. तेथें याद वाशेम या स्मारकसंस्थेचा साक्षी गोळा करण्याचा विभाग १९५४ सालीं त्यांच्याकडे आला, आणि साक्ष घेणाऱ्यांना त्यांनीं जें शिकविलें त्यांत वॉर्सांतील शनिवारच्या बैठकींचा अनुभव होता. बोलणाऱ्याला थांबवूं नये, त्याला त्याच्या भाषेंत बोलूं द्यावें, एका माणसाची कथा एका माणसाची म्हणूनच राहूं द्यावी, असा त्यांचा कटाक्ष असे.

व्हिल्नांत मात्र आणखी कांहीं निघावयाचें होतें. लिथुएनियाच्या ग्रंथसंस्थेचे संचालक आंतानास उल्पिस यांनीं सोव्हिएट राजवटींत यीवोचे पुष्कळसे कागद नष्ट होऊं न देतां एका जुन्या चर्चमध्यें इतर रद्दींत मिसळून ठेवून दिले होते. त्यांचा कांहीं भाग १९८९ मध्यें उजेडांत आला. २०१७ सालीं आणखी १,७०,००० पानें ओळखण्यांत आलीं, आणि त्यांत तरुणांनीं हातानें लिहिलेल्या आत्मचरित्रांच्या वह्याही होत्या. वॉर्सांतील संग्रहाचा तिसरा भाग श्व्येंतोयेर्स्का रस्त्यावर पुरला होता असें मानतात. तो अद्याप मिळालेला नाहीं.