आवाजाच्या पत्त्यावर

१९२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या बेसबॉलची वर्ल्ड सिरीज संपली आणि न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ या रेडिओ केंद्राकडे टपालाच्या थैल्यांची रीघ लागली. पिट्सबर्ग पायरेट्सनी वॉशिंग्टन सेनेटर्सना हरवले होते. शेवटचा सामना तर भर पावसात, चिखलात खेळला गेला होता. पण ही पत्रे जिंकलेल्या संघाला नव्हती आणि हरलेल्या संघालाही नव्हती. ती ग्रॅहम मॅकनमी या समालोचकाच्या नावाने आली होती आणि पन्नास हजारांच्या घरात होती.

मॅकनमी मूळचे गायक. १९२३ साली ज्यूरीच्या कामासाठी न्यायालयात आले असताना जेवणाच्या सुट्टीत ते सहज या केंद्रात डोकावले आणि काही काळातच त्याचा प्रमुख आवाज बनले. बेसबॉलच्या बारकाव्यांत ते कच्चे होते. शेजारच्या खुर्च्यांवर बसलेले क्रीडापत्रकार त्यांच्यावर वैतागत. ते मात्र आकाशातले ढग सांगत, गर्दी सांगत, प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरची धाकधूक सांगत. शेकडो मैलांवरच्या शेतघरात कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसाला नेमके तेच हवे होते, आणि त्याने तसे लिहून कळवले.

तेव्हा कळवण्याला दुसरा मार्गही नव्हता. रेडिओवरून बेसबॉल सामन्याचे पहिले समालोचन ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरॉल्ड आर्लिन यांनी केले. पलीकडे कोणी ऐकते आहे का, हे समजायला केंद्राजवळ काहीच साधन नव्हते. रंगमंचावरच्या नटाला निदान टाळ्या ऐकू येतात. म्हणून छापील ‘टाळ्यांची कार्डे’ निघाली. ती दुकानांत मिळत. कोणता कार्यक्रम कुठे ऐकला आणि कसा वाटला, एवढे भरून टपालात टाकायचे. पुढे जाहिरातदार आले आणि ही पत्रे अक्षरशः मोजली जाऊ लागली. समालोचकाची नोकरी, त्याचा पगार आणि त्याचा प्रायोजक या तिन्हींवर श्रोत्यांच्या टपालाचे वजन पडू लागले. बेसबॉलच्या इतिहासाची पुस्तके धावा आणि विक्रम यांनी भरलेली असतात. या टपालाकडे त्यांचे फारसे लक्ष गेलेले नाही. खरे तर समालोचक कोणाचा, संघाचा की ऐकणाऱ्यांचा, या भांडणाचा सगळा पुरावा त्यातच आहे.

मॅकनमींच्या नंतरच्या पिढीतला सर्वांत मोठा आवाज रेड बार्बर यांचा. मिसिसिपीत जन्मलेला, फ्लोरिडात वाढलेला हा माणूस १९३४ साली सिनसिनाटी रेड्सच्या समालोचनाला बसला, तेव्हा त्याने त्याआधी मेजर लीगचा एकही सामना पाहिलेला नव्हता. १९३९ पासून ते ब्रुकलिन डॉजर्सचे समालोचक झाले. आरडाओरड हा त्यांचा स्वभाव नव्हता. समोर तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवलेले असे. ते रिकामे झाले की उलटे करायचे आणि धावसंख्या पुन्हा सांगायची, कारण कोणीतरी नुकताच रेडिओ लावलेला असणार. उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या रस्त्याने चालत गेले तर उघड्या खिडक्यांतून अख्खा सामना ऐकू येई, अशी आठवण जुनी माणसे सांगत. दुसऱ्या महायुद्धात बार्बरनी सामन्याच्या मध्येच रेड क्रॉससाठी रक्तदानाचे आवाहन केले. रेडिओवर ‘रक्त’ हा शब्द उच्चारावा की नाही याचीच तेव्हा धास्ती होती. आवाहनानंतर रक्तपेढीचे फोन वाजायचे थांबेनात. आवाज ओळखीचा असेल तर माणसे नुसती ऐकत नाहीत, उठून कामाला लागतात, हे त्या दिवसांत दिसले.

१९४८ मध्ये बार्बर अल्सरने आजारी पडले आणि डॉजर्सना तातडीने बदली माणूस हवा झाला. अटलांटात अर्नी हार्वेल नावाचा तिशीतला समालोचक होता. त्याला सोडायला अटलांटा क्रॅकर्स या तिथल्या संघाच्या मालकाने एक अट घातली: मला एक कॅचर द्या. डॉजर्सनी आपल्या ताब्यातला क्लिफ डॅपर हा कॅचर दिला आणि हार्वेल ब्रुकलिनला आले. खेळाडूच्या बदल्यात समालोचक घेतल्याचे बेसबॉलमधले हे एकमेव उदाहरण.

हार्वेल यांचे बेसबॉलवरचे लेखन पत्रातूनच सुरू झाले होते. जन्म १९१८ चा, जॉर्जिया राज्यातला. लहानपणी त्यांची जीभ अडखळे, म्हणून आईवडिलांनी त्यांना वक्तृत्वाच्या शिकवणीला घातले. सोळाव्या वर्षी या मुलाने ‘द स्पोर्टिंग न्यूज’ या बेसबॉलच्या बायबल समजल्या जाणाऱ्या साप्ताहिकाला लिहिले की अटलांटाच्या बातम्या मी पाठवतो. साप्ताहिकाने त्या घेतल्या. ज्याने स्वतः चाहता म्हणून टपालात पत्र टाकले होते, त्याच्याकडे पुढे अर्धशतक चाहत्यांची पत्रे येत राहिली.

हार्वेल पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडे गेले आणि ३ ऑक्टोबर १९५१ रोजी पोलो ग्राउंड्सवर होते. जायंट्स आणि डॉजर्स यांच्यातला निर्णायक सामना, नववी इनिंग, आणि बॉबी थॉमसनने राल्फ ब्रांकाच्या चेंडूवर मारलेला होम रन. त्या वेळी हार्वेल दूरचित्रवाणीवर होते आणि त्यांचे सहकारी रस हॉजेस रेडिओवर. देशभर दिसणारे चित्र आपल्या वाट्याला आले, बिचाऱ्या हॉजेसना रेडिओवर बसावे लागले, असेच हार्वेल यांना त्या दिवशी वाटले होते. झाले उलटेच. दूरचित्रवाणीचे समालोचन कोणी जपून ठेवले नाही. हॉजेसचा, जायंट्स जिंकले म्हणून पुन्हा पुन्हा ओरडणारा आवाज मात्र आजही ऐकायला मिळतो. तो ना केंद्राने जपला, ना संघाने. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या जायंट्सच्या एका चाहत्याला कामावर जायचे होते. घरच्या टेपरेकॉर्डरचे बटण सामन्याच्या शेवटी दाबायला त्याने आईला सांगून ठेवले होते, आणि आईने ते दाबले. मग त्याने हॉजेसना पत्र लिहून कळवले की अशी फीत माझ्याकडे आहे. अमेरिकी क्रीडाजगतातला सर्वांत गाजलेला आवाज जगाला मिळाला तो त्या पत्रामुळे. ते लिहायचा कंटाळा त्याने केला असता, तर हॉजेस ओरडले होते एवढेच पुढच्या पिढ्यांना वाचायला मिळाले असते.

१९६० मध्ये हार्वेल डेट्रॉइट टायगर्सकडे आले आणि पुढची चार दशके, एक वर्ष वगळता, तिथलेच झाले. डेट्रॉइट मोटारींच्या कारखान्यांचे शहर. रात्रपाळीला रेडिओ, उत्तर मिशिगनच्या तळ्याकाठच्या घरात रेडिओ, नदीपलीकडे कॅनडातल्या विंडसरमध्येही रेडिओ. टायगर्सचे सामने ऐकवणाऱ्या डब्ल्यूजेआर केंद्राची ताकद पन्नास हजार वॉट होती. अंधार पडला की त्याच्या लहरी अनेक राज्ये ओलांडत.

तिथे हार्वेलनी एक गंमत सुरू केली. बेसबॉलमध्ये रेषेबाहेर जाऊन प्रेक्षकांत पडलेला फाउल चेंडू झेलणाऱ्याला घरी नेता येतो. क्रिकेटसारखा परत द्यावा लागत नाही. असा चेंडू कोणी पकडला की हार्वेल सांगत, हा सॅगिनॉच्या गृहस्थांनी झेलला. पुढचा यप्सिलँटीच्या माणसाने, त्यानंतरचा ग्रँड रॅपिड्सच्या. अर्थात प्रेक्षक कुठला हे त्यांना ठाऊक नसे. गावाचे नाव त्या क्षणी सुचलेले असे. श्रोत्यांनाही ते उमगले असावे, पण त्यांनी भांडाफोड केला नाही. उलट भेटेल तिथे ते हार्वेलना गळ घालू लागले की एखादा चेंडू आमच्या गावच्या माणसाला झेलू द्या. नकाशावर शोधावे लागेल अशा खेड्याचे नाव रेडिओवर येई आणि त्या खेड्यात दुसऱ्या दिवशी तोच विषय असे. समालोचनाचा एक तुकडा श्रोत्यांच्या हाती आला होता.

हे प्रेम एकदा चांगलेच उलटले. १९६८ मध्ये टायगर्स वर्ल्ड सिरीजला पोहोचले. हार्वेल गाणीही लिहीत, म्हणून डेट्रॉइटमधल्या सामन्यांत राष्ट्रगीत कोणी गायचे हे ठरवायचे काम संघाने त्यांच्याकडे दिले. ७ ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्यासाठी त्यांनी होजे फेलिसियानोला बोलावले: पोर्तो रिकोत जन्मलेला, तेवीस वर्षांचा, अंध गायक. त्याने गिटारवर, संथ लयीत, ब्लूजच्या वळणाने राष्ट्रगीत गायले. व्हिएतनामच्या युद्धाने पेटलेले ते वर्ष. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचे खून काही महिन्यांपूर्वीचेच. राष्ट्रगीताची चाल अशी वळवलेली पूर्वी कोणी ऐकली नव्हती. फोन खणखणले, संतापाची पत्रे संघाकडे, वाहिनीकडे, वर्तमानपत्रांकडे आली. देशाचा अपमान झाला, असे त्यांत होते. फेलिसियानोच्या बाजूने लिहिणारेही होते, आणि त्याची तबकडी निघाली तेव्हा ती बिलबोर्डच्या यादीत पन्नासाव्या क्रमांकापर्यंत चढली. आपली नोकरी तेव्हा जाता जाता वाचली, असे हार्वेल पुढे सांगत. त्यांनी फेलिसियानोची बाजू कधी सोडली नाही. त्या पत्रांतला राग आज वाचवत नाही, पण एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. परक्या माणसावर कोणी इतके रागावत नाही.

बावीस वर्षांनी तोच राग हार्वेल यांच्या बाजूने उभा राहिला. १९ डिसेंबर १९९० रोजी टायगर स्टेडियममध्ये पत्रकार परिषद झाली. १९९१ चा हंगाम आपला शेवटचा असून करार पुढे वाढवला जाणार नाही, असे बहात्तर वर्षांच्या हार्वेलनी शांतपणे सांगितले. थांबायची इच्छा त्यांची नव्हती. संघाचे अध्यक्ष बो शेंबेक्लर हे मिशिगन विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉल प्रशिक्षक, म्हणजे राज्यातले दुसरे दैवत. तरीही लोकांनी सगळा दोष त्यांच्या पदरात टाकला. वर्तमानपत्रांची पाने वाचकांच्या पत्रांनी भरली. संघाचे मालक टॉम मोनाहन डोमिनोज पिझ्झाचे संस्थापक होते, म्हणून त्या पिझ्झावर बहिष्कार टाकायची भाषाही झाली. निर्णय आपला होता, असे रेडिओ केंद्राच्या व्यवस्थापकाने पुढे कबूल केले, पण बऱ्याच उशिराने.

कागदोपत्री हा संघ आणि केंद्र यांच्यातला साधा करार होता. श्रोता त्यात कुठेच नव्हता. पण पत्रे लिहिणाऱ्यांचा सूर असा होता की आम्हाला न विचारता हे ठरवलेच कसे? इथे श्रोत्यांची बाजू उचलावीशी वाटते. तीस वर्षे घरात, मोटारीत, कारखान्यात ज्याचे बोलणे ऐकले, त्याच्यावर त्यांनी हक्क सांगितला तर त्यात अतिरेक कसला?

१९९२ मध्ये मोनाहननी संघ माइक इलिच यांना विकला. इलिच दुसऱ्या पिझ्झासाखळीचे, लिटल सीझर्सचे, मालक. त्यांनी १९९३ च्या हंगामासाठी हार्वेलना परत बोलावले.

हार्वेल टायगर्सपासून दूर होते त्याच वर्षी ऑक्टोबरात रेड बार्बर गेले. १९८१ पासून दर शुक्रवारी सकाळी ते टॅलाहासीच्या घरून नॅशनल पब्लिक रेडिओवर बॉब एडवर्ड्स यांच्याशी चारेक मिनिटे बोलत. विषय नावाला खेळ. प्रत्यक्षात कॅमेलियाची झाडे, पाळलेले मांजर, हवा, एखादी जुनी आठवण. ज्यांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नाही असे लोकही त्यासाठी थांबत. बार्बर गेल्यावर नॅशनल पब्लिक रेडिओकडे पत्रांचा पूर आला. पुढच्या वर्षी एडवर्ड्स यांनी त्या शुक्रवारांवर पुस्तकच लिहिले.

हार्वेल २९ सप्टेंबर २००२ रोजी टोरांटोतला सामना संपवून निवृत्त झाले. पंचावन्न वर्षांच्या कारकिर्दीला निरोप देताना त्यांनी श्रोत्यांचे आभार मानले: मला तुमच्या कुटुंबात घेतलेत, सहलीला नेलेत, उशीखाली ट्रान्झिस्टर लपवून ऐकलेत, याबद्दल. हे सगळे श्रोतेच त्यांना इतकी वर्षे सांगत आले होते. त्यांनी ते शब्द परत केले. त्याच हंगामात टायगर्सच्या मैदानावर त्यांचा पुतळा बसला आणि त्या निमित्ताने क्लिफ डॅपर यांना बोलावण्यात आले. चोपन्न वर्षांपूर्वी एकमेकांच्या बदल्यात दिले गेलेले ते दोघे त्या दिवशी पहिल्यांदा भेटले.

सप्टेंबर २००९ मध्ये हार्वेलनी आपल्याला पित्तनलिकेचा, बरा न होणारा कर्करोग असल्याचे स्वतःच जाहीर केले. १६ सप्टेंबरला सामना थांबवून ते मैदानात दोन मिनिटे बोलले. मग पुन्हा टपाल सुरू झाले. आता त्यात ईमेलही होते. ४ मे २०१० रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी ते गेले. त्यांचे पार्थिव मैदानाच्या दारात ठेवले होते. रात्रभर रांग चालू राहिली आणि दहा हजारांहून अधिक माणसे येऊन गेली.

१० मे रोजी टायगर्सचा न्यूयॉर्क यांकीजशी घरच्या मैदानावर सामना होता. हार्वेल यांच्या स्मरणार्थ राष्ट्रगीत गायला संघाने होजे फेलिसियानोला बोलावले. ज्या निवडीवरून बेचाळीस वर्षांपूर्वी हार्वेल यांची नोकरी जायची वेळ आली होती, ती निवड या वेळी संघाने स्वतः केली.