काठी डोंगराला गेली नाही त्या साली

आजी प्लेगला गाठीचा ताप म्हणायची. तिनं तो बघितलेला नव्हता, तिच्या आजेसासूनं बघितला होता. "आढ्यावरनं उंदीर पडला, तसं म्हाताऱ्यानं कुणाची वाट बघितली न्हाई. गाडीत दाण्याची पोती टाकली, जातं टाकलं आन् मळ्यात खोपी घातल्या." दोन-तीन दिवसांत गाव मोकळं झालं. जाताना घरांवरची कौलं उतरवून ठेवली, आत ऊन पडावं म्हणून. कुणी गावाकडं फिरकलंच, तर त्याला खोपीत घ्यायचे नाहीत. बांधावर वेगळं निजवायचे.

त्या चैत्रात आमच्या गावची सासनकाठी, देवाच्या मानाची उंच काठी, यात्रेसाठी जोतिबाच्या डोंगराला गेली नाही. खोपींपुढं उभी केली, डोंगराकडं तोंड करून. तिथंच गुलाल-खोबरं उधळलं, दवणा वाहिला आणि 'चांगभलं' केलं. देव रागावेल असं कुणी म्हणालं का, असं मी विचारलं होतं. आजी म्हणाली, "देवाला कळतंय की. तो बी डोंगरावर एकलाच ऱ्हातोय."

पण याच घरानं आजार लपवलाही होता. आजेसासूच्या थोरल्या दिराला काखेत गाठ आली, तेव्हा त्याचं अंथरूण कणगीमागं घातलं. वर पोती रचली. बाहेरच्याला कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून बाया जात्यावर बसायच्या. सरकारी छावणीत नेलेलं माणूस परत येत नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. तो गेला, आणि त्याची सेवा करणारी त्याची आईही गेली.

गाव सोडणारी आणि माणूस लपवणारी माणसं एकच होती, हे मला बरीच वर्षं उमगत नव्हतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अंमलात गोरे सोल्जर माजघरापर्यंत शिरले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. माणूस वेगळं ठेवण्याची बंधनं सरकारचीही होती आणि गावाचीही. एकीकडं माणूस ओढून नेलं जात होतं, दुसरीकडं कुणीतरी त्याच्या उशाशी बसत होतं. लोकांनी हा फरक बरोबर ओळखला, असं मी मानतो.

२०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळं जोतिबाची चैत्र यात्रा रद्द झाली. एरवी पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, लाखो माणसं असतात, पाडळीच्या मानाच्या काठीपासून ओळीनं काठ्या नाचतात, गुलालानं देवळाची शिखरंसुद्धा लाल होतात. त्या वर्षी गावोगावच्या काठ्या गावातच पुजल्या. आमचे चुलते पिढीजात काठी धरणारे. कमरेला पट्टा बांधून ते घरापुढं उभे राहिले आणि डोंगराच्या दिशेनं काठी तेवढी लववली. गावानं वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या होत्या. मुंबई-पुण्याहून आलेल्यांसाठी शाळेत सतरंज्या अंथरल्या होत्या, डबे घरोघरचे जात होते. पोलीस गावात क्वचितच यायचे. डोंगरावरच्या पुजाऱ्यांचा आणि नारळ-गुलाल विकणाऱ्यांचा वर्षाचा धंदा बुडाला. त्यांनी सोसलं त्याची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही, याचं मला वाईट वाटतं.

२०२१ ची यात्राही मोजक्या मानकऱ्यांवर आटोपली. मग जून आला. राज्यात दुसरी लाट ओसरत असताना कोल्हापूर जिल्ह्यात रुग्ण वाढतच होते. तेव्हा आमच्या आळीत ताप पुन्हा कणगीमागं गेला. "पाऊस लागलाय, सर्दी हाय," म्हणायचे. कारण कोविड सेंटरला नेलेल्या माणसाची खबर मिळत नव्हती, आणि गेलंच तर तोंडही बघायला मिळत नव्हतं.

गावची आशा सेविका, म्हणजे आमची आशाताई, ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरायची. काही घरांनी तिला उंबऱ्यावरूनच परत लावलं. तिनं कुणाला कायदा सांगितला नाही. सेंटरला असलेल्या एका म्हातारबाबांना तिथल्या पोराच्या फोनवरून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावून द्यायची, आणि आपला फोन त्यांच्या म्हातारीपुढं, अंगणात, लांबून धरायची. "जेवलायसा न्हवं?" म्हातारी ओरडून विचारायची आणि सगळी आळी ऐकायची. त्या आठवड्यात दोन घरांनी आपण होऊन आशाताईला निरोप धाडला, आमच्यात ताप हाय, मशीन घेऊन या.