व्याजाचा दर आणि घराचे छप्पर

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत, हे आपण शाळेत शिकतो. त्यांपैकी निवाऱ्याची गरज भागवताना सामान्य माणसाचे उभे आयुष्य खर्ची पडते. ‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी उगीच रचलेली नाही. घर बांधायला काढले की विटा, वाळू, सिमेंट आणि लोखंड यांचे भाव आपण दहा ठिकाणी विचारतो. गवंड्याच्या मजुरीत घासाघीस करतो. परंतु घरासाठी लागणारी एक वस्तू अशी आहे की, तिचा भाव आपण क्वचितच नीट विचारतो. ती वस्तू म्हणजे उसना पैसा, आणि तिचा भाव म्हणजे व्याज. हा भाव कोण ठरवतो आणि तो आपल्या चुलीपर्यंत कसा पोहोचतो, याचा इतिहास प्रत्येक पालकाने व विद्यार्थ्याने जाणून घ्यावा असा आहे. विशेष म्हणजे, या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्याच जिल्ह्यात लिहिले गेले आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे (आपल्या पारनेर तालुक्यातील सुपे नव्हे) शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठली आणि कर्जाचे रोखे काढून त्यांची होळी केली. हे लोण लवकरच नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत आणि नगर या तालुक्यांत पसरले. इतिहासात या घटनेला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. लोकांचा रोख माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

असे का घडले? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा मुबलक झाला आणि सावकारही सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. सरकारने शेतसारा मात्र वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोख्याला तीनच वर्षांची मुदत दिली होती. ऋणकोचे रक्षण व्हावे हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात उलटेच झाले. दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेतला जाई व त्या साऱ्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू होई.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे गणित करून पाहा. दरमहा दर शेकडा २ रुपये व्याजाने शंभर रुपये घेतले आणि दर तीन वर्षांनी रोखा बदलला, तर तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६ आणि नऊ वर्षांनी सुमारे ५०९ रुपये देणे होते. ज्याला अक्षरओळख नव्हती तो या कागदावर अंगठा उठवीत असे. न वाचता आलेला कागद अखेर त्याने जाळला, यात नवल ते काय?

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम केला गेला. रोख्यावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता मूळ व्यवहार काय होता, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तथापि पैशाचा भाव ठरवणारी देशव्यापी संस्था अद्याप नव्हती. १९२६ च्या हिल्टन यंग आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. या आयोगापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही साक्ष दिली होती. १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँकेचे कामकाज सुरू झाले. १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख.

स्वातंत्र्यानंतर १९५१–५२ साली रिझर्व्ह बँकेने खेड्यांतील कर्जाची देशव्यापी पाहणी करविली. त्यात असे दिसले की, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के असून सावकारांचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास आहे. या पाहणीच्या समितीवर डॉ. धनंजयराव गाडगीळ होते. हेच गाडगीळ आपल्या जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. सावकाराच्या दाराला पर्याय उभा करता येतो, हे नगर जिल्ह्याने देशाला दाखवून दिले.

आता रिझर्व्ह बँकेचा दर म्हणजे काय, ते पाहू. आपल्याला पैशाची गरज पडली की आपण बँकेकडे जातो. बँकांना गरज पडली की त्या सरकारी रोखे ठेवून रिझर्व्ह बँकेकडून पैसा घेतात. त्यावरील दराला हल्ली रेपो दर म्हणतात. पूर्वी बँक दराला हे महत्त्व होते. हा दर वाढला की बँकांचा पैसा महागतो आणि आपले कर्जही महागते. मग दर वाढवतात तरी कशाला? त्याचे उत्तर महागाईत आहे. १९७२ चा दुष्काळ या जिल्ह्याच्या आठवणीतून अजून गेलेला नाही. त्यापाठोपाठ १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकले. महागाईला आवर घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँक दर मे १९७३ मध्ये ७ टक्के आणि जुलै १९७४ मध्ये ९ टक्के केला. कर्ज महाग झाले की खर्च आवरतो आणि भाव हळूहळू शांत होतात, असा हा हिशेब आहे.

त्या काळी या दराची झळ घर बांधणाऱ्याला थेट लागत नसे, कारण घरासाठी बँकेचे कर्ज मिळणेच दुर्मीळ होते. लोक साठवलेल्या पैशावर, दागिने मोडून किंवा नातेवाइकांकडून उसने घेऊन भिंती उभ्या करीत. १९७७ मध्ये एचडीएफसी आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक स्थापन झाली आणि गृहकर्जाची वाट रुंदावत गेली. १ ऑक्टोबर २०१९ पासून तर व्यापारी बँकांना नवी, बदलत्या व्याजाची गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडणे बंधनकारक झाले. मुंबईत ठरलेला दर आता काही महिन्यांतच सावेडी-केडगावच्या घरात हप्ता होऊन येतो.

त्याचा परिणाम किती? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. समजा, एखाद्याने १० लाख रुपये २० वर्षांसाठी साडेसहा टक्क्यांनी घेतले. त्याचा हप्ता ७,४५६ रुपये येतो. व्याज ९ टक्के झाले तर हप्ता ८,९९७ रुपये होतो; म्हणजे दरमहा १,५४१ रुपये जास्त. पण त्याहून मोठा धोका निराळाच आहे. नऊ टक्क्यांनी १० लाखांवर पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच ७,५०० रुपये होते. जुना ७,४५६ रुपयांचा हप्ता तसाच ठेवला, तर मुद्दलातला एक रुपयाही फिटत नाही, उलट कर्ज वाढते! १८७५ च्या रोख्याची आठवण व्हावी असेच हे गणित आहे. ‘हप्ता वाढला नाही’ म्हणून समाधान मानणाऱ्याने मुदत किती वाढली, हे अवश्य विचारावे.

आपल्या समाजात व्याजाच्या व्यवहारापासून कटाक्षाने दूर राहणारी कुटुंबे आहेत. त्यांचा निर्धार आदरणीय आहे. परंतु दराची सावली त्यांच्यावरही पडते. कर्ज स्वस्त झाले की घर घेणारे वाढतात आणि जागेचे भाव चढतात. रोखीने घेणाऱ्यालाही तोच चढा भाव मोजावा लागतो. कर्ज महागले की बांधकामे मंदावतात, आणि गवंडी, सुतार, रंगारी, सेंट्रिंगवाले यांचे खाडे वाढतात. उलटपक्षी, दर उतरला की ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या वृद्धांचे उत्पन्न घटते. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर तीन वेळा मिळून एक टक्का उतरला, तेव्हा कर्जदाराला जो दिलासा मिळाला, त्याच्या मागे ठेवीदाराची ही दुसरी बाजूही होती.

मग सामान्य माणसाने काय करावे? दर ठरवणे आपल्या हाती नाही. कागद वाचणे आहे. सही करण्यापूर्वी व्याज स्थिर की बदलते, हे विचारावे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार, दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला मिळाला पाहिजे. तो मागून घ्यावा. व्यक्तीने घरासाठी घेतलेले बदलत्या व्याजाचे कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास बँकेला दंड आकारता येत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. रेपोशी कर्ज जोडण्याचा २०१९ चा नियम पतसंस्था व गृहवित्त कंपन्यांना लावलेला नव्हता. म्हणून तेथे दर उतरल्याचा लाभ कधी मिळणार, याची आधीच चौकशी करावी. आणि अंथरूण पाहूनच पाय पसरावेत. आजचा हप्ता झेपतो एवढ्यावर न थांबता दर दोन-अडीच टक्के वाढला तर झेपेल काय, हे अगोदर पाहावे.

पालकहो, चक्रवाढ व्याजाचा धडा मुलाने केवळ परीक्षेपुरता शिकू नये. घरात कर्जाचा कागद असेल, तर तो त्याच्यापुढे ठेवा आणि व्याज, मुद्दल, मुदत यांचा हिशेब त्याच्याकडून करवून घ्या. आपल्या पारनेर-श्रीगोंद्याच्या शेतकऱ्यांपाशी रोखा जाळण्याचे धैर्य होते, परंतु तो वाचण्याची विद्या त्यांना कोणी दिली नव्हती. ती विद्या आज आपल्या मुलामुलींना शाळेत मिळते आहे. तिचा उपयोग घरात झाला, तर आपल्या डोक्यावरचे छप्पर अधिक भक्कम होईल.