बेचिराख

आपल्याकडच्या जुन्या महसुली कागदांत ‘बेचिराख’ असा शब्द भेटतो. ज्या गावात दिवा लागत नाही, ते गाव बेचिराख. नाव राहते, शीव राहते, माणसे मात्र नसतात. असे गाव का उठले म्हणून विचारावे, तर उत्तर तयार असते : पटकी आली, नाहीतर लुटारू आले. या तयार उत्तराची मला, इतिहासाच्या शिक्षकाला, धास्ती वाटते. म्हणून वर्गात मी इंग्लंडातील व्हॅरम पर्सीची हकीकत सांगतो.

यॉर्कशायरच्या टेकड्यांतले हे खेडे. १०८६ च्या जमीन-पाहणीत त्याची नोंद आहे. आज तेथे बिनछपराचे चर्च उभे आहे आणि गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे दिसतात. १९४८ साली मॉरिस बेरेसफर्ड हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक तेथे गेले. पुढे जॉन हर्स्ट या पुरातत्त्वज्ञांच्या जोडीने त्यांनी १९९० पर्यंत, जवळजवळ चाळीस उन्हाळे, तेथे उत्खनन चालविले.

१३४९ च्या प्लेगने गाव उठले असेल, असे विद्यार्थी हमखास म्हणतात. प्लेगने माणसे मेली हे खरे. पण त्यानंतरही दीडशे वर्षे गाव नांदत होते. ते उठले मेंढरांमुळे ! माणसे घटल्याने मजुरी वाढली होती, लोकरीला भाव होता. नांगरटीपेक्षा कुरण जमीनदाराला परवडू लागले आणि कुरणाला एखाददुसरा मेंढपाळ पुरतो. १५०० च्या सुमारास उरलीसुरली चार कुटुंबे हुसकावून त्यांची घरे पाडण्यात आली.

घरे गेली तरी शेजारच्या खेड्यांतील लोक त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला येत राहिले. हे आपल्याला परके वाटू नये. मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी हे गाव साळावली धरणात गेले. पण मे महिन्यात पाणी ओसरले, की त्या गावची माणसे आजही तेथे देवाला जातात.

रोगराईचा जाब कोणाला विचारता येत नाही. निर्णयाचा विचारता येतो. म्हणून ‘साथीने गाव गेले’ हे उत्तर कधीकधी कोणाला तरी मोकळे सोडते. वाचकहो, आपल्या तालुक्यातही घरे नसलेले एखादे गावाचे नाव कागदावर सापडेल. ते उठल्यावर तिथली जमीन कोणाच्या नावावर चढली, एवढे जरूर पाहा.